दातातल्या सिमेंटमधून काय झिरपते?

शाळेतल्या दंततपासणीनंतर आठ वर्षांचा मुलगा घरी एक चिठ्ठी घेऊन येतो: ‘खालची दाढ किडली आहे, भरून घ्यावी.’ आई त्याला दंतवैद्याकडे नेते. डॉक्टर विचारतात, ‘चांदी भरायची की दाताच्या रंगाचे सिमेंट?’ चांदीत पारा असतो हे आईने कुठेतरी वाचलेले असते, म्हणून सिमेंटचे ठरते आणि दुसऱ्या दिवशीची वेळ मिळते. त्याच रात्री मोबाइलवर एक संदेश येतो. पांढऱ्या सिमेंटमधून ‘बीपीए’ नावाचे रसायन झिरपते आणि शरीरातल्या संप्रेरकांचा गोंधळ करते, असे त्यात लिहिलेले असते. आई घाबरते. वेळ रद्द होते, आणि दाढ तशीच किडत राहते.

त्या संदेशात तथ्य अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही. पण त्यातले अर्धेच सत्य ऐकून निर्णय घेतला तर मुलाचे नुकसान होते. म्हणून हे प्रकरण मुळापासून समजून घ्यायला हवे.

आपण ज्याला बोलीभाषेत ‘सिमेंट’ म्हणतो, त्यातले बहुतेक आज रेझिन कॉम्पोझिट असते. काचेची किंवा सिलिकाची अतिसूक्ष्म भुकटी आणि ती धरून ठेवणारे राळेसारखे चिकट रसायन, असे हे मिश्रण. यातले मुख्य रसायन म्हणजे ‘बिस-जीएमए’. अमेरिकेतील संशोधक राफेल बोवेन यांनी ते दातांसाठी विकसित केले आणि 1962 मध्ये त्याचे पेटंट मिळाले. बिस-जीएमए तयार करताना कच्चा माल म्हणून बिस्फेनॉल-ए, म्हणजेच बीपीए, वापरले जाते. ते मधासारखे घट्ट असल्यामुळे पातळ करण्यासाठी ‘टीईजीडीएमए’ मिसळतात, आणि दाताला चिकटवणाऱ्या द्रावणात बहुधा ‘हेमा’ असते.

भरताना हा लगदा मऊ असतो. डॉक्टर त्यावर निळा प्रकाश टाकतात, तेव्हा सुटे रेणू एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात आणि काही सेकंदांत लगदा दगडासारखा कडक होतो. मात्र सगळेच हात कधी जुळत नाहीत. साधारण निम्मे ते पाऊण दुवे जुळतात. न जुळलेल्यांपैकी बरेचसे रेणू एका टोकाने साखळीला बांधलेले असतात, त्यामुळे ते निसटत नाहीत. पूर्णपणे सुटे राहिलेले थोडे रेणू मात्र लाळेत विरघळून बाहेर येतात. झिरपणे म्हणतात ते हेच. त्याचा मोठा भाग पहिल्या चोवीस तासांतच घडतो. पुढे वर्षानुवर्षे चावणे, गरम-थंड पदार्थ आणि लाळेतली विकरे यांमुळे अगदी संथ झीज चालू राहते.

आता बीपीएचे पाहू. हे रसायन भरण्याचा घटक म्हणून कोणी मिसळत नाही. ते दोन वाटांनी येऊ शकते. एक, बिस-जीएमए तयार करताना मागे राहिलेला अंश. दुसरी, ‘बिस-डीएमए’ नावाचे भावंड. काही उत्पादनांत ते वापरले जात असे. लाळेतली विकरे बिस-डीएमएचे बंध तोडतात आणि त्यातून बीपीए सुटते. बिस-जीएमएचे बंध वेगळ्या प्रकारचे असल्यामुळे तोंडात त्याचे असे सहज विघटन होत नाही.

बीपीएविषयी काळजी का, याचे उत्तर जुने आहे. त्याची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी थोडी जुळते, आणि ते शरीरात तसा सौम्य परिणाम घडवू शकते, हे 1936 मध्येच ब्रिटनमध्ये दाखवले गेले होते. पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्या, डब्यांची आतली अस्तरे, दुकानातल्या पावतीचा गुळगुळीत कागद अशा असंख्य ठिकाणी ते पोहोचले.

दातांचा प्रश्न ऐरणीवर आला तो 1996 मध्ये. स्पेनमधील ग्रानाडा विद्यापीठातील संशोधकांनी 18 जणांच्या दाढांवर सीलंट, म्हणजे कीड लागू नये म्हणून खाचा बुजवणारा रेझिनचा थर, लावला आणि नंतरच्या तासाभरात त्यांची लाळ गोळा केली. तिच्यात 90 ते 931 मायक्रोग्रॅम बीपीए आढळले. जगभर खळबळ उडाली. नंतर इतरांनी असेच प्रयोग केले तेव्हा आकडे कितीतरी कमी आले. अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीलंटनंतर एक आणि तीन तासांनी काहींच्या लाळेत बीपीए सापडले, पण रक्तात सापडले नाही. पुढच्या अभ्यासांतून एकूण चित्र असे दिसते: भरल्यानंतर पहिल्या काही तासांत लाळेतले प्रमाण वाढते, मग झपाट्याने उतरते. शरीरात गेलेले बीपीए यकृतात निष्क्रिय होते आणि साधारण दिवसाभरात लघवीवाटे निघून जाते.

मग प्रमाण किती असले की धोका? इथे गुंतागुंत आहे. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये दररोज शरीराच्या प्रति किलो वजनामागे 4 मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली होती. 2023 मध्ये तिनेच ती 0.2 नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे तब्बल 20 हजार पटींनी खाली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेला हा आकडा मान्य नाही. नवी मर्यादा धरली तर साठ किलोच्या माणसाला दिवसाला फक्त 12 नॅनोग्रॅम बीपीए चालेल. इतके तर बहुतेकांच्या पोटात रोजच्या अन्नातूनच जाते. म्हणून चिंता खरी असली तरी तिचा मुख्य रोख आयुष्यभर रोज होणाऱ्या संपर्कावर असायला हवा. दात भरणे ही वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळची गोष्ट आहे.

मुलांबद्दलचा महत्त्वाचा पुरावा अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागात झालेल्या चाचणीतून मिळतो. 6 ते 10 वयोगटातील 534 मुलांपैकी काहींच्या दातांत चांदी, काहींच्या दातांत पांढरे साहित्य भरून पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. बुद्ध्यांकात दोन्ही गटांत फरक पडला नाही. त्याच माहितीच्या 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मात्र बिस-जीएमएयुक्त भरणे अधिक असलेल्या मुलांचे वर्तनविषयक गुण किंचित कमी पडल्याचे दिसले. वेगळ्या रेझिनच्या साहित्यात तसा संबंध दिसला नाही. हा संबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. पण दुर्लक्ष करावे इतका तो क्षुल्लकही नाही.

झिरपण्याचा पक्का, रोज दिसणारा त्रास मात्र वेगळ्याच माणसांना होतो, तो म्हणजे दंतवैद्य आणि त्यांचे मदतनीस. हेमाचे रेणू इतके लहान असतात की साध्या रबरी हातमोज्यांतून काही मिनिटांत आरपार जातात. त्यातून बोटांच्या टोकांना खाज, भेगा, सोलवटणे सुरू होते, आणि ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा कायमची राहते. क्वचित रुग्णाच्या हिरडीला किंवा गालाच्या आतल्या बाजूला असाच त्रास होतो. नखांच्या जेल पॉलिशमुळे ज्यांना ॲलर्जी झाली आहे, त्यांनी ते दंतवैद्याला आवर्जून सांगावे, कारण रसायन तेच असू शकते.

आता व्यवहाराचे बोलू. किती झिरपणार, हे पुष्कळसे भरण्याच्या पद्धतीवर ठरते. सामान्य कॉम्पोझिट साधारण दोन मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थराला पुरेसा वेळ प्रकाश द्यावा लागतो. दिव्याचे टोक दूर राहिले, त्यावर साहित्य चिकटलेले असले किंवा दिवा जुना होऊन मंदावला, तर आतला थर कच्चा राहतो. सर्वांत वरचा पातळ थर तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे कडकच होत नाही आणि सुटे रेणू तिथेच जास्त असतात. म्हणून शेवटी तो घासून पॉलिश करणे, ओल्या कापसाने पुसणे आणि रुग्णाने खळखळून चूळ भरून थुंकणे, या साध्या गोष्टींनी बराच अंश निघून जातो. चूळ गिळू नये, हे मुलांना आधी समजावून सांगावे.

पर्यायही आहेत. ब्रिटनमध्ये 1970च्या दशकाच्या आरंभी पुढे आलेल्या ग्लास आयोनोमर सिमेंटच्या मूळ प्रकारात रेझिन नसते, त्यामुळे बीपीएचा प्रश्न येत नाही, शिवाय ते दाताला फ्लोराइड पुरवते. चावण्याचा जोर सोसण्यात ते कमी पडते, पण पडणाऱ्या दुधाच्या दातांसाठी अनेकदा पुरते. चांदीबाबत पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी 2022 मध्ये ठरवले आहे की 15 वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या माता यांच्यासाठी, डॉक्टरांना गरज वाटल्याखेरीज, ती वापरू नये. गर्भवतींनी केवळ सौंदर्यासाठीचे रेझिनचे काम बाळंतपणानंतर करावे. ठणकणारी, पू झालेली दाढ मात्र तोवर ठेवू नये. आधीचे पक्के बसलेले भरणे भीतीपोटी काढूनही टाकू नये, कारण काढताना त्याची भुकटी उडते आणि निरोगी दातही खरवडला जातो.

सरकारी रुग्णालयांच्या दंतविभागात गाल सुजलेली, तापाने फणफणलेली मुले येतात. त्यांच्या आजाराला भरलेल्या दाढेतले रसायन कारण नसते, वेळेवर न भरलेली दाढ असते. म्हणून त्या आईने पुन्हा वेळ घ्यावी आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: दुधाची दाढ आहे तर ग्लास आयोनोमर चालेल का? रेझिन भरलेच तर शेवटी पॉलिश कराल ना? आणि मुलाला लगेच चूळ भरायला द्याल ना? चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी रागावणार नाही. आणि घरी रात्री झोपण्यापूर्वी दात घासायची सवय लागली, तर पुढची दाढ भरायची वेळ कदाचित येणारही नाही.