घरातला पाम वाळतोय? आधी पाणी कमी करा

वास्तुशांतीला कुंडीतलं झाड भेट द्यायची पद्धत आता गावातही आलीय. त्यात रॅफिस पाम असतो. पंज्यासारखी पानं, बुंध्याला काथ्यासारखे धागे. मूळचा दक्षिण चीनकडचा, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. आपण शेतकरी माणसं त्याला पिकासारखं वागवतो. मीही तेच केलं. अंगणात उन्हात ठेवला, पानं पिवळी पडली. मग रोज तांब्याभर पाणी, वर चिमूटभर युरिया. मुळंच कुजली, झाड गेलं.

दुसरा ओसरीत ठेवलाय. तिथं उजेड येतो, ऊन येत नाही. मातीत दोन पेरं बोट घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. कुंडीला खाली भोक पाहिजेच, ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही. बोअरचं पाणी खारट असेल तर पानांची टोकं करपतात. पावसाचं पाणी धरून ठेवलं तर उत्तम. पानामागं कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, ओल्या फडक्यानं पुसून काढा. झाड वाढतं फार हळू, त्यामुळं खताची घाई नको. पावसाळ्यात मूठभर गांडूळखत पुरतं. कुंडी मुळांनी गच्च भरली की बेट सोडवून दुसरी कुंडी करता येते, फक्त प्रत्येक फुटव्याला मुळं राहिली पाहिजेत.