ब्रॉडबँड येईपर्यंतचे ग्रंथालय

सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा 2025च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. भारतीय भाषांतली पुस्तके डिजिटल रूपात देणारी ‘भारतीय भाषा पुस्तक योजना’ही त्याच भाषणातली. प्राथमिक शाळा मात्र ब्रॉडबँडच्या घोषणेत नाहीत. त्यांची स्थिती वसई-विरारमध्ये दिसते. वसई-विरार महापालिका 2009 मध्ये झाली, ती ज्यात येते तो पालघर जिल्हा 2014 मध्ये. शहर रेल्वेच्या दोन्ही बाजूंना पसरत गेले, पण हद्दीतल्या मराठी प्राथमिक शाळा वर्षानुवर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. अशा शाळेत इंटरनेट बहुधा गुरुजींच्या किंवा बाईंच्या स्वतःच्या मोबाइलचे असते. त्यामुळे वर्गासाठी साधन निवडताना पहिला प्रश्न ते किती आकर्षक आहे हा नसून, नेट गेल्यावर ते चालते का, हा असतो. पावसाळ्यात तर विजेचाही भरवसा धरता येत नाही.

महाराष्ट्रात वर्गातल्या तंत्रज्ञानाचा विषय निघाला की सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव येतेच. पाठ्यपुस्तकातल्या धड्याशेजारी क्यूआर कोड छापायचा, तो स्कॅन केला की त्या धड्याची चित्रफीत किंवा कवितेचा आवाज मिळायचा, अशी त्यांची कल्पना. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत कोड आले आणि केंद्राच्या ‘दीक्षा’ मंचावर देशभरची पाठ्यपुस्तके त्याच वाटेने गेली. 2020 मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. कमी बोलले जाते ते असे, की कोड हा नुसता पत्ता असतो. पत्त्यावरचे घर कुणीतरी राखावे लागते. ते पाडले तर पुस्तकातला काळा-पांढरा चौकोन तसाच राहतो आणि स्कॅन करणाऱ्या मुलाच्या हाती काही लागत नाही.

हे नुसते भय नव्हे. परदेशातल्या वर्गांशी मुलांच्या गप्पा घडवण्यासाठी अनेक शिक्षक ज्या स्काइपवर विसंबत, ते मायक्रोसॉफ्टने 5 मे 2025 रोजी बंद केले. गूगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फळा 2024च्या अखेरीस गेला. शिक्षकांनी प्रशिक्षणात तास घालवून शिकलेली साधने कंपनीच्या एका निर्णयासरशी जातात आणि पुढच्या प्रशिक्षणात नवे नाव पुढे येते. या धावपळीतून शहाण्या शिक्षकाने काढता पाय घ्यावा. जे फाइल म्हणून उतरवून घेता येते आणि ज्याची प्रत काढण्याची परवानगी आहे, ते आधी घ्यावे.

मराठीत असा ऐवज आहे, आणि तो फुकट आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर 1971 मध्ये वसंत शिरवाडकर यांच्या संपादनाखाली सुरू झाले. त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. ग्रंथालयाच्या कपाटात एकही नवे पुस्तक न आणता पाचवी ते आठवीच्या मुलांना काही दशकांचे बालसाहित्य मिळते, याहून मोठी देणगी कोणते ॲप देणार? ‘प्रथम बुक्स’ने 2015 मध्ये सुरू केलेले ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ लहानांसाठी. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. मूळ लेखक-चित्रकारांचे श्रेय देऊन त्या छापता येतात, बदलता येतात, अनुवादित करता येतात. वसईत या शेवटच्या मुभेला विशेष मोल आहे. घरी कादोडी किंवा वाडवळी, जिल्ह्याच्या डोंगराळ भागात वारली बोलणारे मूल पहिलीत प्रमाण मराठीपाशी अडखळते. शिक्षिकेने आजीआजोबांना शाळेत बोलावून तीच चित्रे ठेवत मजकूर बोलीत लिहून घेतला, पाने छापून शिवली, तर त्या बोलीतले पुस्तक ग्रंथालयात दाखल होते. त्यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

वाचून दाखवणारी आणि वाचन ऐकून चुका सांगणारी ॲपही मराठीत आहेत. गूगलचे ‘रीड अलाँग’ त्यातले एक. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की ते नेटशिवाय चालते. मात्र असे यंत्र प्रमाण उच्चारांवर घडलेले असते. मुलाचा घरचा हेल त्याला चूक वाटू शकतो, आणि तेव्हा मुलाच्या बाजूने उभे राहण्याचे काम शिक्षकाचेच असते.

इतिहासाच्या तासाला तर नालासोपाऱ्यातल्या शिक्षकाचा हेवा वाटावा. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. तो बौद्ध स्तूप निघाला. आतल्या दगडी पेटीत अवशेषांचा करंडक आणि बुद्धांच्या धातूच्या आठ मूर्ती होत्या. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि 1956 मध्ये जवळच्या भुईगावात नवव्याचा. सहावीच्या पुस्तकात अशोक आहे. त्याची अक्षरे याच वसई तालुक्यातल्या दगडांवर निघाली, हे शिक्षकाने सांगितले तर मुले तो धडा विसरणार नाहीत. भगवानलालांचा सोपाऱ्यावरचा प्रबंध आणि ठाणे जिल्ह्याचे 1882चे गॅझेटियर ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर खुले आहेत. दोन्ही इंग्रजीत, जड भाषेत. यांत्रिक भाषांतराने त्यांचा कच्चा मसुदा मिनिटांत मिळतो, पण गावांची नावे आणि सनावळ्या मूळ पानाशी ताडून पाहाव्या लागतात, कारण यंत्र चुकीचे नावही तितक्याच ठामपणे लिहिते. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहेच. मुलांनी नोंद तिथे पाहावी, मग स्तूपावर जाऊन मोजमापे घ्यावीत.

हे सारे नेटशिवाय वर्गात आणण्याचा मार्ग सोपा आहे. ‘किविक्स’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी विकिपीडियाची प्रत एकाच फाइलमध्ये उतरवता येते. जिथे नेट चांगले मिळते तिथे ती पेनड्राइव्हवर घ्यावी आणि शाळेतल्या जुन्या संगणकावर टाकावी. मुलांना स्वतंत्र खाती उघडायला लावणारी साधने शक्यतो टाळावीत. 2023च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळायला पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे.

ग्रंथालयाची यादी हा उरलेला, आणि सर्वात दुर्लक्षित, भाग. केंद्राच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेअंतर्गत ग्रंथालयासाठी वर्षाला 5 हजार ते 20 हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. प्राथमिक शाळेच्या वाट्याला त्यातली खालची रक्कम येते. ग्रंथपालाचे पद तिथे नसतेच. पुस्तके कुलूपबंद राहतात, कारण हरवली तर भरपाई कोण देणार ही धास्ती. ‘कोहा’ किंवा राष्ट्रीय सूचना केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’ ही सॉफ्टवेअर चांगली आहेत, पण तीनशे पुस्तकांच्या शाळेला त्यांचा व्याप पेलत नाही. तिथे साधी स्प्रेडशीट पुरते: दाखल क्रमांक, नाव, लेखक, कोणत्या वयासाठी, कुणाकडे, कधीपासून. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतो, त्यामुळे बारकोड स्कॅन करून माहिती आपोआप भरण्याची सोय इथे फारशी कामी येत नाही. मराठीतले बोलून टंकन 2017 पासून मोबाइलवर आहे; सातवीतली चार मुले एकेक पुस्तक हातात घेऊन नाव उच्चारत गेली, तर यादी दिवाळीच्या सुट्टीआधी होते. छापील दाखल नोंदवही तरीही ठेवावीच लागते, तपासणीला तीच लागते.