वरून ट्रक, खालून चितळ

नागपूरहून जबलपूरच्या वाटेला लागलं, की मनसरनंतर सागाचं रान दोन्ही अंगांनी जवळ येऊ लागतं. देवलापार मागे पडतं आणि खवाशापर्यंत चौपदरी रस्ता मधूनमधून जमीन सोडून खांबांवर चढतो. कुठे खाली एखादा नाला असतो, कुठे तोही नसतो. चितळ, सांबर, रोही, रानडुकरं आणि वाघ यांना खालून जाता यावं, म्हणून ही चढण. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ जागा आहेत. सगळ्यात आखूड ५० मीटरची, सगळ्यात लांब ७५० मीटरची.

रस्त्याच्या पश्चिमेला पेंच व्याघ्र प्रकल्प, पूर्वेला कान्हा आणि नवेगाव-नागझिऱ्याकडे जाणारे जंगलपट्टे. मधोमध अहोरात्र धावणारे ट्रक. चितळांचा कळप एकामागोमाग रस्ता ओलांडतो. पहिली मादी गेली म्हणून चालकाने ब्रेकवरचा पाय काढावा, तर मागची दोन पिल्लं नेमकी तेव्हाच उडी घेतात. रुंदीकरणाची गोष्ट निघाली तेव्हा वन्यजीवप्रेमी न्यायालयात गेले. बराच काळ वाद चालला, त्यातून हे भुयारी मार्ग आले. भुयारी म्हणायचं एवढंच, प्रत्यक्षात ते पुलाखालचं मोकळं रान आहे आणि तेच महत्त्वाचं. अंधाऱ्या, अरुंद बोगद्यात हरीण शिरत नाही. पलीकडचा उजेड दिसला, तरच ते पाऊल टाकतं.

भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ च्या मार्च ते डिसेंबरदरम्यान पुलांखाली कॅमेरे लावले. १८ जातींचे वन्यप्राणी टिपले गेले, एकूण ५,४५० नोंदी. त्यांतल्या ३,१६५ एकट्या चितळांच्या. अकरा वाघही दिसले आणि बातम्या अर्थातच वाघांच्या झाल्या!

पूल यशस्वी आहेत, यात शंका नाही. पण चितळ मुळात जंगलाच्या काठाचा, गवताळ मोकळवनाचा प्राणी. माणसाच्या वावराला तो बऱ्यापैकी सरावतो. भेकराचं, चौशिंग्याचं तसं नाही. म्हणून तीन हजारांचा आकडा दाखवून हरणांचा प्रश्न सुटला म्हणणं घाईचं ठरेल. शिवाय पेंचने रस्त्याच्या रुंदीकरणाआधी पाणीही सोसलं आहे. तोतलाडोह धरणाने इथलं नदीकाठचं जंगल बुडवलं. उन्हाळ्यात जलाशय आटला की उघड्या गाळावर हिरवं गवत येतं आणि चितळांचे कळप तिथे उतरतात. पर्यटक त्याचे फोटो काढतात.

पुलाने फक्त वाट राखली. पूर्वेकडचं रान राहिलं नाही, तर ती वाट जाणार कुठे? पुलांच्या दोन्ही तोंडांशी ढाबे, रिसॉर्ट आणि कुंपणं येऊ न देणं हे पुढचं काम आहे, आणि ते पूल बांधण्याहून किचकट आहे.

तुम्ही या रस्त्याने गेलात, तर पुलावर गाडी थांबवू नका, हॉर्न वाजवू नका आणि चिप्सची पाकिटं कठड्यावरून खाली टाकू नका.