पाताळात घातलेल्यांचा शोध

पुराकथांचे नाव काढले की आपल्या चळवळीतला एक वर्ग ताबडतोब पाठ फिरवतो. या भाकडकथा आहेत, त्यांच्याशी आपला संबंध १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला तुटला, असे त्याचे म्हणणे असते. दुसरा वर्ग नेमके उलटे करतो. तो शंबूक, एकलव्य, कर्ण, बळी यांना उचलून घेतो; मूर्ती बदलतो, देव्हारा मात्र तसाच ठेवतो. दोन्हींच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण एक काम दोघांकडूनही राहून जाते. कथा कोणी सांगितली, कोणाच्या जमिनीवर उभे राहून सांगितली आणि त्या जमिनीखाली कोणाला गाडले, हे तपासण्याचे काम. आणि ते एका देशाच्या कथा घेऊन होत नाही. देशोदेशींच्या कथा शेजारी शेजारी मांडल्या तरच त्यांच्यातली चलाखी उघडी पडते.

मी मोर्शीला शिकवतो, म्हणून सुरुवात आपल्या वऱ्हाडापासून करतो. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सर्वांना माहीत आहे. काळ्या पाषाणात सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा खड्डा आणि तळाशी खारट पाणी. अशनी आदळून तो झाला हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. पण स्थानिक कथा सांगते की तिथे जमिनीखाली लवणासुर राहत होता. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, असुराच्या बहिणींना भुलवून त्याचा ठावठिकाणा काढून घेतला, अंगठ्याच्या धक्क्याने वरचे झाकण उडवले आणि त्याला ठार केले. सरोवरातले पाणी म्हणजे त्याचे रक्त आणि खार म्हणजे कुजलेले मांस! लोणार गावातले दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर याच विजयाचे स्मारक. आता या कथेकडे नीट पाहा. असुराने काय गुन्हा केला हे सांगणाऱ्याला फारसे आठवत नाही. कोणाला छळले, कोणाचे काय लुटले, याचा तपशील पुसट आहे. त्याला फसवले कसे याचा तपशील मात्र ठसठशीत आहे. लवण म्हणजे मीठ. म्हणजे आधी मीठ होते, मग मिठाचा असुर झाला, आणि मग त्याला मारणारा देव त्याच्या काठावर येऊन बसला.

वर मेळघाटात चिखलदऱ्याला गेलात तर तिथला वाटाड्या भीमाने कीचकाला मारून दरीत फेकल्याची जागा दाखवतो. कीचकदरा, त्याचे चिखलदरा. इथे मात्र मी सावध करू इच्छितो. कीचकाने सैरंध्रीवर, म्हणजे राणीच्या दासीवर, हात टाकला होता. सत्तेच्या जोरावर दासीला उपभोग्य समजणारा हा सेनापती दरीत गेला म्हणून तो आपला झाला, असे मुळीच नाही. पराभूत झालेला प्रत्येकजण शोषित नसतो. ही साधी गोष्ट आपल्या काही कवींच्या ध्यानात राहत नाही.

पण त्याच डोंगरात कोरकू राहतात, आणि त्यांची उत्पत्तिकथा रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात नोंदलेली आहे. विंध्य-सातपुड्याचे डोंगर ओस पडलेले पाहून रावणाने महादेवाला विनवले की इथे माणसे वसव. महादेवाने कावळ्याला पाठवून तांबड्या मातीचे वारूळ शोधले आणि त्या मातीचे एक पुरुष, एक स्त्री घडवली. इंद्राने धाडलेल्या घोड्यांनी ती चित्रे तुडवून धूळ केली. मग महादेवाने आधी मातीचा कुत्रा केला, त्याने घोडे पिटाळले, आणि मुला व मुलाई ही पहिली माणसे उभी राहिली. होळीच्या सुमारास कोरकू मेघनाथाचे खांब पुजतात. ज्याचा पुतळा देशभर दरवर्षी जाळला जातो, तो रावण इथे मनुष्यजातीची काळजी वाहणारा आहे. आणि देवांचा राजा इंद्र माणूस घडण्याआधीच त्याला तुडवणारा आहे. एकाच प्रदेशात, एकाच पात्रांच्या दोन कथा. फरक फक्त सांगणारा कोण याचा.

माणूस कशासाठी घडवला याचे उत्तर बाबिलोनच्या लोकांनी फारच उघडपणे दिले आहे. तिथली सृष्टिकथा सात मृत्तिका-पट्टांवर लिहिलेली सापडली आणि नववर्षाच्या उत्सवात ती देवापुढे म्हटली जाई. मर्दुक हा देव आदिमाता तियामतला मारतो, तिच्या देहाची दोन शकले करतो, एकाचे आकाश होते. तिच्या बाजूने लढलेल्या किंगूचे रक्त काढून त्यापासून माणूस घडवला जातो. कशासाठी? देवांनी विश्रांती घ्यावी आणि कष्ट माणसाने करावेत यासाठी. पराभूताच्या रक्तातून मजूर! पुरुषसूक्तात शूद्र पायांपासून निघाला असे सांगितले आहे. बाबिलोनने सगळ्याच माणसांना राबायला लावले, आपल्याकडे त्या राबण्याची उतरंड लावली. या बाबिलोनी कथेची पुढची हकीकत तर आणखी बोलकी आहे. असुरियाच्या सेन्नाखरिब राजाने इ.स.पू. ६८९ मध्ये बाबिलोन उद्ध्वस्त केले. त्यानंतर असुरियात हीच कथा लिहिली गेली, पण नायकाच्या जागी मर्दुकचे नाव खोडून अश्शुर या त्यांच्या देवाचे नाव घातले गेले. राज्य बदलले, नायक बदलला. मारली जाणारी तियामत तीच राहिली.

आपल्याकडच्या ‘असुर’ शब्दाचे हेच झाले. ऋग्वेदात वरुणाला, अग्नीला, खुद्द इंद्रालाही असुर म्हटले आहे, आणि तिथे तो गौरवाचा शब्द आहे. पुढे तोच शब्द शिवी झाला. इराणात उलट घडले. अवेस्तेत अहुर हा सर्वश्रेष्ठ देव आणि दएव, म्हणजे आपला देव, हा दुष्ट शक्तीचा वाचक; आपला इंद्र तिथे दएवांच्या यादीत बसतो. एकेकाळी शेजारी राहिलेल्या दोन समाजांनी एकमेकांच्या देवांना राक्षस ठरवावे, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? राक्षस ही जात नव्हे, ती दिलेली पदवी आहे. पदव्या देण्याचे दप्तर कोणाच्या हाती होते, हे आपल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

आणि इथे आपण आपल्याही घरात डोकावले पाहिजे. कुलावक जातकात कथा आहे. असुर मुळात स्वर्गातच राहत होते. शक्राने, म्हणजे इंद्रानेच, त्यांना मद्य पाजले आणि ते बेशुद्ध झाल्यावर पाय धरधरून सिनेरु पर्वताखाली फेकून दिले. जातककार ही गोष्ट शक्राच्या पराक्रमात जमा करतात. त्याच कथेत पुढे पक्ष्यांची पिले रथाखाली चिरडू नयेत म्हणून शक्र आपला रथ मागे वळवतो. करुणेचा तो प्रसंग मला फार प्रिय आहे. पण मूळ रहिवाशांना दारू पाजून हुसकावल्याची नोंद त्याने पुसली जात नाही. आपला ग्रंथ म्हणून त्याला वेगळे माप लावता येणार नाही.

आता बळीकडे येतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त बळीराजाला पुराणाच्या पाताळातून वर काढले. खंडोबा, म्हसोबा, जोतिबा ही बहुजनांची दैवते त्यांनी बळीच्या राज्यातले अधिकारी म्हणून लावून दाखवली. म्हसोबा म्हणजे महासुभा. शब्दांच्या या व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होणार नाहीत. आर्यांच्या स्वारीचा जो सिद्धांत त्या काळी सर्वत्र प्रचलित होता त्यावर जोतिरावांनी आपली मांडणी उभी केली, तर बाबासाहेबांनी १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते’ या ग्रंथात तो वंशसिद्धांतच नाकारला. म्हणजे आपल्या दोन्ही महापुरुषांचे इथे एकमत नाही, आणि ते लपवण्याचे कारणही नाही. जोतिरावांचे मोठेपण व्युत्पत्तीत नाही. पराभूताच्या बाजूने कथा वाचता येते, हे त्यांनी शेतकऱ्याला त्याच्याच भाषेत दाखवले, यात ते आहे. बाबासाहेबांची तऱ्हा वेगळी. ते पुराणाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेतात. त्यांचे ‘रिडल्स’ महाराष्ट्र शासनाने १९८७ साली छापले तेव्हा राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून जे वादळ उठले ते एवढ्याचसाठी की उलटतपासणी सहन न होणारे साक्षीदार फार होते.

एका विद्यार्थ्याने मला वर्गात विचारले, ‘सर, आपण देव सोडले, मग बळी कशाला धरायचा?’ प्रश्न रास्त आहे. त्याला मी रोमचा शनिदेव सांगितला. ग्रीकांचा क्रोनस आणि रोमनांचा सॅटर्न हा जुना राजा. त्याच्या काळात सुवर्णयुग होते, पृथ्वी न मागता पिकत होती, असे ते लोक मानत. त्याच्याच मुलाने त्याला पदच्युत केले. ग्रीक कथेत त्याचे भाऊबंद टायटन तार्तारसात कोंडले गेले. ते इतके खोल की आकाशातून टाकलेली ऐरण नऊ दिवसांनी पृथ्वीवर पडेल आणि तिथून आणखी नऊ दिवसांनी तार्तारसात पोचेल. रोममधल्या सॅटर्नच्या मूर्तीचे पाय वर्षभर लोकरीच्या दोरीने बांधलेले असत आणि त्याच्या सणाला, डिसेंबरात, सोडले जात. बळीही वरुणपाशाने बांधला गेला, हे इथे आठवावे. या सणात मालक गुलामांना जेवू घालीत. अथेन्समध्येही क्रोनसच्या सणाला मालक आणि गुलाम एका पंगतीला बसत. आपल्याकडे बळीला प्रतिपदेचा एक दिवस, केरळात महाबळीला ओणम. सर्व माणसे सारखी होती त्या राज्याची आठवण तिथेही जपलेली आहे.

साम्य थक्क करणारे आहे. पण दुसऱ्या दिवशी काय होई? सॅटर्नच्या पायांत पुन्हा दोरी बांधली जाई आणि गुलाम पुन्हा गुलाम होत. शेकडो वर्षे हा सण चालला. त्याने रोममधली गुलामगिरी तसूभर हलली नाही. वर्षातून एक दिवस समतेचा दिला की उरलेल्या दिवसांच्या विषमतेला मोकळे रान मिळते, हे सत्ताधाऱ्यांना आपल्याआधी कळले होते. म्हणून बळीला ओवाळायचे की नाही हा माझ्या लेखी दुय्यम प्रश्न आहे. त्याच्या कथेत जमीन कोणाची होती, ती मागणारा किती लहान होऊन आला आणि घेताना किती मोठा झाला, हे मुलांना शिकवले पाहिजे.

एक कथा मात्र मी वर्गात नेहमी आवडीने सांगतो. ती विदर्भाचीच आहे. दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव नळाचे रूप घेऊन बसले. पाच नळांतून खरा ओळखायचा कसा? तिने पाहिले की चौघांना घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, माळा कोमेजत नाहीत, पाय भुईला टेकत नाहीत. पाचवा घामेजलेला होता, धुळीने माखला होता, त्याची सावली पडत होती आणि तो जमिनीवर उभा होता. तिने त्याला वरले. नळ राजा होता, कष्टकरी नव्हता, हे मी विसरत नाही. तरीही देव आणि माणूस यांतला फरक घामाने ठरवणारी दुसरी कथा मला कुठल्याही देशाच्या पुराणात भेटलेली नाही.

मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर जे अप्पर वर्धा धरण आहे, त्याच्या जलाशयाला याच जोडप्याचे नाव दिले आहे: नळ-दमयंती सागर. पाण्याखाली जी गावे गेली त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या पाण्याला मिळाले नाही. मोबदला मिळाला तो जमिनीचा. ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, जो दुसऱ्याच्या वावरात राबत होता, त्याचा हिशेब कोणत्या कागदावर मांडला गेला? या धरणाच्या प्रकल्पग्रस्तांनी योग्य मोबदला आणि मुलांना नोकऱ्या मागत मोर्शीत धरणे धरले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईला मंत्रालयात जाऊन आतल्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. जमीन देऊन कित्येक वर्षे लोटली होती.