कवटीतला दाब आणि डोळ्यांची साक्ष

मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात मज्जासंस्थेवर एक प्रकरण असते. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांची नावे आम्ही कला शाखेचे विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. त्यांतल्या तीन जोड्या मात्र माझ्या कायमच्या लक्षात राहिल्या. कवटीच्या आत दाब वाढला तर बाहेरून काही दिसत नाही. त्याची वर्दी देतात त्या या जोड्या.

कवटी ही बंद पेटी. तिच्यात मुख्यतः तीनच गोष्टी: मेंदू, रक्त आणि मेंदूभोवती खेळणारा नितळ मस्तिष्क-मेरुद्रव. स्कॉटलंडच्या मन्रो यांनी १७८३ मध्ये मांडलेला व केली यांनी १८२४ मध्ये पुष्टी दिलेला विचार पुढे विस्तारला तो असा: पेटी ताणली जात नाही, तेव्हा तिघांपैकी एकाने जास्त जागा घेतली तर इतरांना आकसावे लागते. आकसण्याची सीमा संपली की दाब झपाट्याने चढतो. हा द्रव प्रौढ माणसात सुमारे १५० मिलिलिटर असतो. पण दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो आणि तितकाच रक्तात शोषला जातो. पंप चालू आणि पुढचा व्हॉल्व्ह बंद, मग नळीचे काय होते, हे आपल्या पिंपळगावच्या द्राक्षबागायतदाराला सांगायला नको! तान्ह्या मुलाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात, म्हणून त्याची टाळू फुगते, डोके मोठे होते. मोठ्यांना ती सोय नाही.

दुसरी जोडी दृष्टीची. हा मज्जातंतू म्हणजे खरे तर मेंदूचाच पुढे आलेला भाग. मेंदूची आवरणे त्याच्यावरही गवसणीसारखी चढलेली असतात आणि त्या गवसणीत तोच द्रव असतो. त्यामुळे आतला दाब थेट डोळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचतो, धाग्यांमधून चालणारी वाहतूक तिथे तुंबते आणि तंतू डोळ्यात शिरतो ती चकती सुजते. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र जगापुढे ठेवले आणि १८६० मध्ये ग्रेफ यांनी मेंदूतील गाठीच्या रोग्यांत ही सूज वर्णन केली. कवटी न उघडता आतला दाब ओळखण्याची वाट अशी सापडली.

यातली फसवी गोष्ट अशी की, सुरुवातीला नजर शाबूत असते. रोगी तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचतो. फक्त वाकले किंवा उठून उभे राहिले की काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते. पुढे कडेचे दिसणे आकसत जाते. मधली नजर बहुधा सर्वांत शेवटी जाते.

आमच्या नात्यातल्या एका वहिनींना बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी डोके धरले. पहाटे जास्त दुखे, ओकारी होई. कुणी म्हणाले अशक्तपणा, कुणी म्हणाले बाहेरचे. मग चष्मा झाला. महिन्याभराने एकाची दोन माणसे दिसू लागली तेव्हा त्यांना नाशिकला नेले. तिथल्या डॉक्टरांनी दिवा मंद करून दोन मिनिटे डोळ्यांत पाहिले आणि लगेच मेंदूचा फोटो काढायला सांगितले. मेंदूतील शिरेत रक्ताची गुठळी होती. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याचा कल वाढलेला असतो आणि बाळंतिणीला पाणी कमी देण्याची आपली जुनी रीत त्यात भरच घालते. या रीतीचा मला मनापासून राग आहे.

एकाची दोन दिसतात ती सहाव्या जोडीमुळे. ही जोडी बुबुळ कानाच्या बाजूला वळवते. ती मेंदूच्या बुंध्यातून निघून हाडावरून वर चढते आणि एका धारेवर वळण घेते. दाबाने मेंदू खाली सरकला की ती ताणली जाते व डोळा नाकाकडे वळतो. दोष भलतीकडे आणि खूण इथे! लंडनच्या कॉलियर यांनी १९०४ मध्ये अशा दिशाभूल करणाऱ्या खुणांवर लिहिले.

तिसऱ्या जोडीची वर्दी सर्वांत तातडीची. अपघातात डोक्याला मार लागून आत रक्त साचले की मेंदूचा कडेचा भाग खाली ढकलला जाऊन या जोडीवर दाबतो आणि बहुधा त्याच बाजूची बाहुली मोठी होते. आपले गाव मुंबई-आग्रा रस्त्यावर. पडलेला मोटारसायकलवाला उठून बोलला आणि तासाभराने पेंगू लागला, तर त्याला झोपू देऊ नये, रुग्णालय गाठावे. एक बाहुली मोठी दिसली तर मिनिटेही मोलाची.

मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. उदानी व डॉ. दस्तूर यांनी १९६० च्या दशकात मुलांच्या मेंदूच्या क्षयाचा अभ्यास केला. या रोगात मेंदूच्या तळाशी चिकट स्राव साचतो. तो मज्जातंतूंना वेढतो आणि द्रवाची वाटही अडवतो, म्हणजे दोन्हीकडून मार. अशा मुलाच्या मेंदूतून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी घालून तुंबलेला द्रव काढून देतात.

वहिनींना रक्त पातळ ठेवणारी आणि दाब उतरवणारी औषधे दिली. दोन महिन्यांत डोळा जागेवर आला, दुहेरी दिसणे थांबले. कडेची नजर मात्र परतली नाही. रस्ता ओलांडताना त्या अजून पूर्ण मान वळवून दोन्हीकडे पाहतात.