लाल रेघेतलं सोनं

औषधाच्या दुकानात पन्नास-साठ रुपयांना मिळणाऱ्या गर्भधारणा चाचणीच्या पट्टीवर जी लालसर रेघ उमटते, ती शाईची नसते. बहुतेक पट्ट्यांमध्ये ती खऱ्या सोन्याची असते. निळी रेघ दाखवणारीही काही किट आहेत. त्यांत सोन्याऐवजी रंगवलेले लॅटेक्सचे कण वापरतात. पण मलेरियापासून गर्भधारणेपर्यंत स्वस्त चाचण्यांचा मोठा डोलारा उभा आहे तो सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर. एवढा महाग धातू एवढ्या स्वस्त वस्तूत कसा बसतो, आणि पिवळं सोनं लाल का दिसतं, हे कळलं की पट्टी वाचायची कशी तेही आपोआप कळतं.

आधी रंगाकडे बघू. पट्टीतला सोन्याचा कण साधारण ४० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढा. तरीही त्यात जवळपास वीस लाख अणू मावतात. धातूतले काही इलेक्ट्रॉन कुठल्याच अणूला बांधलेले नसतात, ते मोकळे फिरतात. प्रकाशाची लाट अशा कणावरून जाते तेव्हा हे सगळे मोकळे इलेक्ट्रॉन एकाच वेळी या बाजूला, मग त्या बाजूला डोलतात. या डोलण्याला स्वतःची लय असते. सोन्याच्या लहान गोल कणांत ती ५२० ते ५३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जुळते. हिरवा प्रकाश कण गिळतो आणि आपल्या डोळ्यांपर्यंत लाल पोचतो. चांदीच्या कणांची लय ४०० नॅनोमीटरच्या आसपास जुळते, म्हणून त्यांचं द्रावण पिवळं दिसतं. असा एक सोन्याचा कण नेहमीच्या रंगद्रव्याच्या एका रेणूपेक्षा हजारो पट जास्त प्रकाश अडवतो. थोडेसे कण एका जागी जमले तरी नुसत्या डोळ्यांना रेघ दिसते, ती यामुळे.

मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली सोन्याचं असं माणकासारखं लाल द्रावण केलं होतं. त्यांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपलेल्या आहेत. द्रावणात मीठ पडलं की लाल रंग निळा होतो, हेही त्यांनी टिपलं होतं. या रंगाचं गणित मात्र भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव मी यांनी १९०८ साली मांडलं.

कण करायची कृती ऐकायला सोपी आहे. सोन्याच्या क्षाराचं पातळ द्रावण उकळायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट घालायचं. काही मिनिटांत फिकट पिवळं पाणी काळपट होतं आणि मग लाल. ही पद्धत १९५१ साली रसायनशास्त्रज्ञ टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट अभ्यासली. सायट्रेट कमी-जास्त करून कणांचा आकार कसा ठरवायचा, ते १९७३ मध्ये फ्रेन्स यांनी दाखवलं. सायट्रेट इथे दोन कामं करतं. ते सोनं क्षारातून मोकळं करतं, आणि कणांवर बसून त्यांना ऋण विद्युतभार देतं, त्यामुळे कण एकमेकांना दूर लोटत राहतात. मीठ हा विद्युतभार झाकून टाकतं. मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांची लय बदलते आणि रंग निळा-जांभळा होतो. फॅरडे यांनी पाहिलं ते हेच.

पण लघवीत आणि रक्तात मीठ असतंच! म्हणून कणांना आधी प्रथिनाचं आवरण द्यावं लागतं, आणि चाचणीचा खरा हुशारपणा मला इथे दिसतो. आवरण म्हणून वापरतात ती प्रतिपिंडं, म्हणजे अमुक एकच रेणू ओळखून पकडणारी प्रथिनं. द्रावणाची आम्लता योग्य ठेवली की ती सोन्यावर आपोआप बसतात. उरलेल्या मोकळ्या जागा गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिननं बुजवतात, नाहीतर तिथे नको ते चिकटेल. मग साखर मिसळून हे लाल कण तंतूंच्या एका छोट्या तुकड्यावर वाळवतात. पाणी लागताच साखर विरघळते आणि कण क्षणात मोकळे होतात.

आता पट्टीवर लघवीचे थेंब टाकू. दिव्याची वात जशी तेल ओढते, तशी पट्टी द्रव पुढे ओढत नेते. पहिल्या तुकड्यात लघवी मुरते, दुसऱ्यात वाळलेले सोन्याचे कण तिच्यात मिसळतात, आणि हे मिश्रण नायट्रोसेल्युलोजच्या पांढऱ्या पडद्यावरून सरकू लागतं. पडद्याची छिद्रं कणांपेक्षा शेकडो पट मोठी असतात, त्यामुळे कण अडत नाहीत.

लघवीत एचसीजी हे गर्भधारणेचं संप्रेरक असेल तर सोन्यावरची प्रतिपिंडं वाटेतच त्याला धरतात. एचसीजीला दोन साखळ्या असतात. त्यातली अल्फा साखळी थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकातही असते, म्हणून सोन्यावरचं आणि पडद्यावरचं अशा दोन प्रतिपिंडांपैकी एक तरी बीटा साखळीच ओळखणारं असावं लागतं. पडद्यावर ‘टी’ या अक्षराजवळ न दिसणाऱ्या रेघेत दुसरी प्रतिपिंडं पक्की बसवलेली असतात. ती एचसीजीला दुसऱ्या बाजूनं पकडतात. एचसीजी मध्ये, एका बाजूला सोनं आणि दुसऱ्या बाजूला पडदा, अशी जोडणी झाली की कण तिथेच थांबतात आणि लाल रेघ उमटते. एचसीजी नसेल तर कण तिथून निघून जातात. पुढे ‘सी’ अक्षराजवळची रेघ सोन्यावरच्या प्रतिपिंडांनाच पकडते.

‘सी’ रेघ आली म्हणजे निकाल बरोबर, असा समज सर्रास असतो. ती रेघ एवढंच सांगते की द्रव पुढे वाहिला आणि कण सुटे झाले. नमुना चुकीचा होता का, चाचणी फार लवकर केली का, हे तिला माहीत नसतं. ती आलीच नाही तर मात्र पट्टी बाद.

फिकट रेघेवरून घरोघरी वाद होतात. ठरलेल्या वेळेत आलेली फिकट लाल रेघ म्हणजे थोडे का होईना, कण पकडले गेले, म्हणून ती मोजायची. पट्टी बराच वेळ पडून वाळली की करडी, बिनरंगी खूण उमटू शकते. ती मोजायची नाही. उलटंही होतं. एचसीजी फारच जास्त असेल तर सोन्यावरची आणि पडद्यावरची प्रतिपिंडं वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, जोडणी होत नाही आणि रेघ फिकट पडते किंवा येतच नाही. डॉक्टरांना असा संशय आला तर नमुना पाण्यानं पातळ करून पुन्हा तपासतात.

हीच रचना मलेरियाच्या पट्टीत आहे. गडचिरोलीच्या गावांत आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेऊन ती वापरतात. एक रेघ फाल्सिपेरम परजीवीचं एचआरपी-२ हे प्रथिन शोधते. उपचारानंतरही ते काही आठवडे रक्तात राहू शकतं, म्हणून रेघ म्हणजे आजार अजून आहेच, असं नाही. दुसरीकडे काही परजीवींमध्ये या प्रथिनाचं जनुकच नसतं, मग आजार असूनही ही रेघ येत नाही. असे परजीवी पहिल्यांदा पेरूमध्ये नोंदले गेले. पुण्याच्या मायलॅबचं कोव्हिसेल्फ हे कोविडचं किट, ज्याला मे २०२१ मध्ये आयसीएमआरनं घरी वापरण्यासाठी मान्यता दिली, तेही याच धाटणीचं.

एका पट्टीत सोनं असतं काही मायक्रोग्रॅम, म्हणजे पैशांच्या हिशेबात मोजण्याइतकं. खर्च असतो तो प्रतिपिंडांचा, आणि हजारो पट्ट्या एकसारख्या करण्याचा. स्वस्ताईचं मुख्य कारण, यंत्र लागत नाही. त्याची किंमतही मोजावी लागते: प्रयोगशाळेतली पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकांच्या असंख्य प्रती करून मग मोजते, पट्टी काहीच वाढवत नाही. थोडा विषाणू, थोडे परजीवी तिच्या नजरेतून निसटतात.

म्हणून पट्टी पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच वाचा, आणि ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद असलेलं पाकीट वापरायच्या क्षणीच फोडा. फक्त ‘सी’ रेघ आली पण पाळी आलीच नाही, तर दोन-तीन दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीनं पुन्हा तपासा. आणि मलेरियाच्या पट्टीवर फक्त ‘सी’ रेघ असूनही थंडी वाजून ताप येत राहिला, तर रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला नक्की सांगा.