आठ बाइटांचा हेडर

वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावरचे अंत्यसंस्कार पुण्यातल्या आप्तांना व्हिडिओ कॉलवर दिसतात, तेव्हा चित्र आणि आवाज बहुधा यूडीपीच्या पॅकेटांतून येतात. जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये लिहून काढलेल्या या प्रोटोकॉलचा हेडर अवघा ८ बाइटांचा: पाठवणारा पोर्ट, घेणारा पोर्ट, लांबी, चेकसम, प्रत्येकी २ बाइट. यंत्राचा पत्ता इथे लागत नाही, तो आयपी या खालच्या थराच्या हेडरमध्ये असतोच. टीसीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या हेडरला किमान २० बाइट लागतात, कारण तिथे क्रमांक आणि पोच यांचा हिशेब ठेवावा लागतो. यूडीपी आधी जोडणी करत नाही, हरवलेलं पॅकेट स्वतःहून पुन्हा पाठवत नाही. थेट दृश्यासाठी हेच योग्य. चित्राची उशिरा आलेली चौकट कुणाच्या कामाची? घाटावरच्या गर्दीत चित्र क्षणभर फुटलं, तर लगेच कॉल तोडू नका. पुढची पॅकेटं येत असतात.